चिवळ ‘थंड’ असते म्हणजे नक्की काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन नेमके आजच घरी राहिलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोललेलंच थोडं सरळ करून लिहिलंय, त्यामुळे मध्येच गप्पांचा सूर लागला तर चालवून घ्या.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमधून आला. पुण्यात राहणारी एक श्रोती, सासर यवतमाळकडचं. ती म्हणते, “दादा, बाळ चार महिन्यांचं आहे. मानेवर, पाठीवर घामोळं उठलंय. सासूबाई म्हणतात, चिवळ आणू आणि त्यावर झोपवू, थंड असते. मोबाइलवर शोधलं तर ओमेगा थ्री, डायबेटिस, कॅन्सर असलं काय काय येतंय. करू का नको?”

आधी उत्तर देऊन टाकतो, मग कारणं. झोपवायला हरकत नाही, पण अटी आहेत. बाळाच्या पोटात रस वगैरे काहीही द्यायचं नाही. आणि बाळाला ताप असेल किंवा टाळू खोल गेलेली दिसली, तर चिवळ बाजूला ठेवायची आणि डॉक्टर गाठायचा. आता निवांत बोलू.

विदर्भ, खानदेश, मराठवाडा इकडच्या मंडळींना चिवळ सांगावी लागत नाही. वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून तिकडे ‘चिवय’ही ऐकाल. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगतो: जमिनीला चिकटून सरपटत जाणारी, नाजूक, लालसर दोऱ्यासारख्या देठांची वनस्पती. पानं तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, टोकदार, मांसल, दाबली की पाणी सुटणारी, आणि देठावर समोरासमोर जोडीने येणारी. प्रत्येक पेऱ्याशी बारीक पांढरे केस असतात. ही सगळ्यात सोपी खूण. पेरं जमिनीला टेकलं की तिथेच मूळ फुटतं, त्यामुळे एक रोप बघता बघता चटईसारखं पसरतं. भर उन्हाळ्यात, जिथे थोडंफार पाणी मिळतं तिथे, म्हणजे वाफ्यात, बांधावर, संत्र्याच्या आळ्यात ती हिरवीगार असते. बाकी सगळं करपलेलं असताना.

शास्त्रीय नाव पोर्टुलाका क्वाड्रिफिडा. ‘क्वाड्रिफिडा’ म्हणजे चार भागांची. फूल पिवळं आणि पाकळ्या चार. लिनियसने हे नाव १७६७ साली दिलं. त्याच्या चौदा वर्षं आधी, १७५३ मध्ये, त्याने हिच्या मोठ्या बहिणीचं बारसं केलं होतं: पोर्टुलाका ओलेरेशिया, म्हणजे आपली घोळ. घोळीची पानं मोठी, गोलसर टोकाची, देठ जाड आणि फुलाला बहुधा पाच पाकळ्या. तिसरी बहीण तर तुमच्या बाल्कनीत असेलच. दहाच्या सुमाराला उमलणारी, ‘ऑफिस टाइम’ नावाने नर्सरीत मिळणारी रंगीबेरंगी फुलं. ती दक्षिण अमेरिकेतून आली. आमच्या क्षेत्रात दहाला कोणीही उमलत नाही, तो भाग वेगळा.

आता खरी गंमत सुरू होते. तुम्ही मोबाइलवर ‘चिवळचे फायदे’ शोधता. दहा पानं उघडतात, आणि त्यातली नऊ घोळीबद्दल बोलत असतात. शास्त्रीय नाव घोळीचं, फोटो चिवळीचा, कधी तर फोटो ऑफिस टाइमचा. आमच्याकडे दुसऱ्या प्रोजेक्टमधला कोड उचलून आपल्याकडे चिकटवला की जे होतं, तेच. नावं बदलली, पण आतली गृहीतकं तशीच राहिली.

बहिणीच तर आहेत, मग काय बिघडलं? बिघडतं. पोर्टुलाका या कुळशाखेचे जनुकीय अभ्यासातून दोन मोठे फाटे पडतात: एक समोरासमोर पानं येणाऱ्यांचा, दुसरा एकाआड एक पानं येणाऱ्यांचा. चिवळ पहिल्यात, घोळ दुसऱ्यात. म्हणजे सख्ख्या नव्हे, चुलत बहिणी म्हणायला हव्यात. घोळीत जे सापडलं ते चिवळीत असेलही, पण ते चिवळीत मोजूनच म्हणता येईल. आणि जगभरातलं मोजमाप बहुतेक घोळीचं झालेलं आहे, कारण ती सगळीकडे खाल्ली जाते. तुर्कस्तानात दही-लसणाबरोबर, ग्रीसमध्ये कच्च्या कोशिंबिरीत, मेक्सिकोत डुकराच्या मांसाच्या रश्श्यात. चीनमध्ये तिचं नाव ‘घोड्याचा दात’ अशा अर्थाचं आहे, आणि तिथल्या अधिकृत औषधीकोशात ती आव-जुलाबाच्या औषधांत आहे. युनानी हकीम तिचं बी ‘तुख्म-ए-खुर्फा’ म्हणून वापरतात, शरीरातली गर्मी कमी करायला. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात भाज्यांच्या वर्गात लोणी आहे, आणि मोठी ती घोटिका. म्हणजे लहान-मोठी हा फरक जुन्या लोकांनी केला होता. तो पुसला आपण, सर्च करताना.

तर ‘थंड’. मला वाटतं सगळा घोटाळा या एका शब्दात आहे. एकाच व्हेरिएबलमध्ये आपण तीन-चार वेगवेगळ्या व्हॅल्यू कोंबल्यात. अंगाला थंड, पोटाला थंड, लघवीच्या जळजळीला थंड, तापाला थंड. सासूबाई ‘थंड’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात अंगाचं आहे. इंटरनेट ‘थंड’ म्हणतं तेव्हा त्यात सगळंच ओतलेलं असतं.

अंगाचं आधी घेऊ, कारण ते सगळ्यात भक्कम आहे.

घामोळं म्हणजे काय? घाम बाहेर येण्याच्या बारीक नळ्या तुंबतात आणि घाम त्वचेच्या आतच अडकतो. तान्ह्या बाळांत या नळ्या पुरत्या तयार झालेल्या नसतात, म्हणून त्यांना घामोळं पटकन येतं. त्यावरचा उपाय कंटाळवाणा आहे: अंग थंड ठेवा, हवा लागू द्या, कपडे कमी आणि सैल, आणि पावडरचा थर देऊ नका. बहुतेक वेळा तेवढ्यावर ते जातं.

आता विचार करा, मे महिन्यातलं यवतमाळ. बाळ गादीवर, गादीवर दुपटं, दुपट्याखाली रबरी कापड. पाठीला हवा शून्य. त्याऐवजी धुतलेल्या, ओलसर चिवळीचा दोन-तीन बोटं जाड थर आणि वर पातळ सुती कापड. काय बदललं? एक, खाली हवा खेळायला जागा झाली. दोन, पानांवरचं पाणी उडतंय. एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जातं. तेवढी उष्णता काढून घेतली तर अर्धा लिटर पाणी एका अंशाहून थोडं जास्त थंड होईल. एका ग्रॅमला! तीन, हा सगळा थर म्हणजे जवळजवळ पाणीच आहे, आणि पाणी तापायला वेळ घेतं. रबरी कापड किंवा गादी अंगाची उष्णता तिथेच धरून बसते. चिवळीचा थर ती शोषत राहतो.

आणि मग मेथी का नाही, पालक का नाही? माझा तर्क असा की त्या तासाभरात मलूल होऊन चिकट पडतात. चिवळीसारख्या मांसल वनस्पती आतलं पाणी सहजी सोडत नाहीत, वाळवंटात तगायचं तर तेच जमावं लागतं. त्यामुळे थर बराच वेळ ताजा, उभारलेला राहतो. बाजारात उन्हाळ्यात स्वस्तात मिळणारी, बारीक, मऊ, न टोचणारी, लवकर न सुकणारी पालेभाजी दुसरी कोणती आहे? शोधून बघा.

याचा नकाशाशीही संबंध आहे, आणि हे मला स्वतःला फार आवडलेलं गणित आहे. ही पद्धत कुठे ऐकू येते? अकोला, अमरावती, यवतमाळ, जळगाव, परभणी. हीच ती गावं जिथे उन्हाळ्यात खिडकीला कूलर लागतो. तिथली मे महिन्यातली दुपारची हवा इतकी कोरडी असते की पाणी पटापट उडतं, आणि उडतं म्हणूनच थंड करतं. मुंबईत, रत्नागिरीत हवा आधीच ओलीचिंब. तिथे कूलर लावला तर खोलीत नुसती दमट घुसमट होते. चिवळीचंही तेच. म्हणजे चिवळीचा बिछाना हा एक बिनविजेचा कूलर आहे, आणि कूलर जिथे चालतो तिथेच तो चालणार. आमची श्रोती पुण्यात आहे. पुण्याची एप्रिल-मेची दुपार बऱ्यापैकी कोरडी असते, म्हणून काम होईल. वळवाचा पाऊस पडून हवा दमट झाली की मात्र पंखा आणि ओल्या फडक्याने अंग पुसणं यापेक्षा वेगळं काही हाती लागणार नाही.

मग अटी. बाळ पाठीवर हवं, जागं हवं, आणि मोठं माणूस समोर हवं. पाल्याचा सैल ढीग ही रात्रभर झोपवायची जागा नाही. बाळ कुशीवर वळलं आणि तोंड त्यात गेलं तर? म्हणून अर्धा-पाऊण तास, बस. पाला दोन-तीन पाण्यांतून धुतलेला हवा, कारण त्यात माती, मुंग्या, कधी कधी बारीक किडेही असतात. वर कापड हवंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती कुठून आली ते माहीत हवं. चिवळ शेतात तण म्हणून उगवते, आणि तणावर आज काय मारतात ते शेतकऱ्यालाच विचारा. आजीच्या काळात बांधावरची चिवळ म्हणजे बांधावरची चिवळ होती. आज त्याच बांधावर तणनाशकाचा पंप फिरलेला असू शकतो. गटाराकडेची, हायवेलगतची तर नकोच. घामोळ्यात पू दिसला, पुरळ लाल होऊन पसरायला लागलं, तर ते घामोळ्यापुढे गेलंय, डॉक्टरला दाखवा.

आता टाळूचं. हा भाग मी मुद्दाम सावकाश सांगतोय.

काही घरांत चिवळ वाटून बाळाच्या टाळूवर ठेवतात. ‘टाळू बसली’ किंवा ‘खोल गेली’ की खास करून. टाळू म्हणजे कवटीची हाडं अजून जुळलेली नसलेली मऊ जागा. ती खोलगट दिसणं हे शरीरातलं पाणी कमी झाल्याचं लक्षण आहे. जुन्या बायकांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं: उन्हाळा, जुलाब, आणि टाळू खोल. चूक पुढच्या पायरीवर आहे. टाळूवर ठेवलेला लेप आत पाणी पोचवत नाही. उलट, जे लक्षण दर तासाला डोळ्यांनी बघायला हवं तेच झाकून टाकतो. एरर दिसतेय म्हणून स्क्रीनवर रुमाल टाकण्यासारखं आहे हे.

बाळाची टाळू खोल, तोंड कोरडं, लघवी नेहमीपेक्षा खूप कमी, रडताना डोळ्यांत पाणी नाही, पाजायला घेतलं तर ओढत नाही, नुसतं पडून राहतं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. अंगावर पाजत राहा आणि दवाखान्यात न्या. जलसंजीवनी किती द्यायची ते इतक्या लहान बाळाच्या बाबतीत डॉक्टरच सांगतील. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर उन्हाळा असो वा हिवाळा, त्याच दिवशी दाखवायचं. ‘ऊन लागलंय, चिवळीवर टाका’ असं म्हणून काढलेले चार तास महागात पडू शकतात.

मोठ्यांनाही हेच लागू आहे. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला, शुद्ध हरपू लागली, अंग भाजतंय, तर तो उष्माघात. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा. कांदा, कैरी, चिवळ यांतलं काहीही त्या क्षणी औषध नाही.

पोटाचं आणि लघवीचं बघू. चिवळ-घोळ खाल्ल्याने लघवीची जळजळ थांबते, मूळव्याधीला बरं वाटतं, असं घरोघरी सांगतात. पाणीदार भाजी खाल्ली, त्याबरोबर ताक प्यायलं, मिरची कमी केली, तर उन्हाळ्यातली जळजळ कमी होईलच. त्यातलं किती भाजीचं आणि किती ताकाचं ते वेगळं काढणं अवघड. पण इथे एक उलटा धोका आहे. घोळीत ऑक्झलेट भरपूर असतं, पालकासारखंच, आणि मूत्रखड्यांतला सगळ्यात मोठा प्रकार कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो. म्हणजे ज्याची जळजळ खड्यामुळे आहे, त्याने ‘थंड’ म्हणून रोज वाटीभर घोळीचा रस प्यायला, तर तो आगीत तेल ओततोय. ज्यांना एकदा खडा झालाय त्यांनी रसाच्या वाटेला जाऊच नये. आणि जळजळीबरोबर ताप किंवा पाठीत कळ असेल तर लघवी तपासून घ्या.

पण बघा, घोळीची भाजी आपल्याकडे कशात करतात? ताकात. तुर्कस्तानात? दह्यात. दह्या-ताकातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पातेल्यात आणि पोटातच पकडून ठेवतं, मग ते रक्तात कमी जातं. घोळ दह्यात मिसळून तपासल्यावर विरघळणारं ऑक्झलेट खरंच कमी झाल्याचं २००९च्या एका अभ्यासात दिसलं. पाककृती बनवणाऱ्या बाईला ऑक्झलेट माहीत नव्हतं, तिला तोंडाला येणारा खवखवीतपणा माहीत होता.

ओमेगा थ्रीचं प्रकरण पटकन उरकतो. अमेरिकेत काम करणाऱ्या, मूळ ग्रीक असलेल्या आर्टेमिस सिमोपोलस यांनी १९८६ मध्ये घोळीतल्या ओमेगा थ्रीकडे लक्ष वेधलं. पालेभाजीच्या मानाने आकडा भारी आहे: १०० ग्रॅम पानांत साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम अल्फा लिनोलेनिक आम्ल. पण आपल्या ताटात जवसाची चटणी आहे! १० ग्रॅम जवसात हेच आम्ल दोन ग्रॅमच्या वर असतं. तेवढं घोळीतून मिळवायला अर्ध्या किलोहून जास्त पानं खावी लागतील. वऱ्हाडातल्या माणसाने ओमेगा थ्रीसाठी घोळीच्या कॅप्सूल मागवणं म्हणजे नागपुरात बसून संत्री आयात करणं.

आजारांवरच्या प्रयोगांचंही तसंच. उदाहरणार्थ, तोंडातल्या लायकेन प्लॅनस या चिवट आजारावर इराणमध्ये घोळीची चाचणी झाली, २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, निकाल आशादायक होता. रुग्ण किती? ३७. एवढ्यावरून पुढची मोठी चाचणी करावी इतकंच ठरतं, ‘घोळ हे औषध आहे’ हे नाही. आणि चिवळीबद्दल तर त्यातून काहीच ठरत नाही.

माझ्या मते घोळीतली सगळ्यात भन्नाट गोष्ट औषधाची नाहीच. झाडं कार्बन डायऑक्साइड पकडायला वेगवेगळ्या युक्त्या वापरतात. मका-उसाची एक, वेगाने वाढायची. निवडुंगाची दुसरी, पाणी वाचवायची: दिवसा पानांची रंध्रं बंद, रात्री उघडी, रात्री पकडलेला कार्बन आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा वापरायचा. घोळ या दोन्ही युक्त्या वापरते, आणि येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की त्या दोन्ही एकाच पेशीत एकत्र गुंफलेल्या आहेत. पाणी कमी पडलं की दुसरी युक्ती जागी होते. म्हणून कोरड्या जमिनीतली घोळ पहाटे तोडली तर जास्त आंबट लागते आणि संध्याकाळी कमी. रात्रभर साठवलेलं आम्ल दिवसा खर्च झालेलं असतं. आंबटपणा नको असेल तर संध्याकाळची तोडा.

तोडणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. याच वाफ्यात, याच उंचीची, तशीच लालसर देठांची आणखी एक सरपटणारी वनस्पती असते: दुधी किंवा नायटी. देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती चिवळ नव्हे, घोळही नव्हे. फेकून द्या आणि हात धुवा. तो चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो. चिवळीतून स्वच्छ पाणीच येतं.

आणि भाजी? चिवळ निवडणं हे संयमाचं काम आहे, पेऱ्यापेऱ्याला मूळ आणि मुळाला माती. जाड मुळं काढा, तीन पाणी बदलून धुवा, शेवटच्या पाण्यात तळाशी वाळू दिसली नाही की झालं. भिजवलेली मुगाची डाळ, तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, वरून चिरलेली चिवळ, झाकण. मीठ अर्धंच घाला, भाजी स्वतःच खारट-आंबट असते. कोणी वरून बेसन पेरतात. ज्वारीची भाकरी आणि वाटीभर ताक सोबत.

निवडताना उरलेली चार-पाच पेरं फेकू नका. कुंडीत ओल्या मातीवर आडवी टेकवून ठेवा, ऊन असेल तर तग धरतील. पुढे एखाद्या दिवशी ऊन चढल्यावर फूल उमललं की पाकळ्या मोजा. चार आल्या तर भाजीवालीने बरोबर दिली होती.